अकरा वर्षांतलं एक वाक्य

"हे नाव चुकून पडलं असेल, नाही का?" ग्लेनिसने विचारलं आणि बाळाच्या विम्याच्या फॉर्मवरच्या त्या नावाखाली पेन्सिलीचं टोक टेकवून धरलं. सोमवार होता, दुपारचे बारा. वादळाचे भोंगे दर सोमवारी या वेळेला चाचणीसाठी वाजतात तसे वाजायला लागले, आणि ते थांबेपर्यंत दोघींनाही बोलता येईना. ट्विलाला वाटलं, वाजू देत असेच, दिवसभर. ग्लेनिस कंपनीतल्या माणसांचे कागद सांभाळायची. रजा, विमा, कोण आलं, कोण गेलं. टेबलावर भोपळ्याच्या आकाराची बरणी होती आणि तिच्यात ऑक्टोबरच्या केशरी गोळ्या. पेन्सिलीच्या टोकाशी 'जोडीदार' असा रकाना होता, आणि रकान्यात ट्विलाच्याच ठसठशीत अक्षरात 'मारिसोल', एका बाईचं नाव. भोंगा थांबला. "मारिओ लिहायचं होतं ना तुला? होतं गं असं. घरात पाच आठवडेसुद्धा न झालेलं बाळ, डोळ्याला डोळा नाही. हा फॉर्म माझ्याकडे आलाच नाही असं समजू या. बाळासाठी दुसरीकडे काहीतरी बघता येईल." ग्लेनिस दुष्ट नव्हती. ट्विला पुढे कितीदा तरी त्या क्षणाकडे परत गेली, आणि दर वेळी तिला तेच दिसलं. ग्लेनिस दार उघडं धरून उभी होती, बाहेर थंडी असताना म्हातारं माणूस दुसऱ्यासाठी धरतं तसं, थोडं घाईने. फॉर्मला मागे बाळाचा जन्मदाखला जोडलेला होता. त्यावर आई म्हणून दोन नावं होती. तो ग्लेनिसने वाचून पालथा घालून ठेवला होता. "चूक नाही," ट्विला म्हणाली. "मारिसोलच." आपला आवाज इतका बारीक का निघाला, हेच तिला कळेना. ग्लेनिसने पेन्सिल उचलली, आणि जिथे टोक टेकलं होतं तिथे एक ठिपका राहिला.

गुरुवारी तिला काढलं. कारण दिलं ते एका ओळीचं: नोकरीत असताना कौटुंबिक परिस्थितीबद्दल वारंवार खोटी माहिती दिली. खोटं बोललीस, असं. आणि हा आरोप खोटा नव्हता, हीच पंचाईत होती. मारिओ तिने निर्माण केला होता. सात वर्षांपूर्वी, जेव्हा मारिसोल तिच्या आयुष्यात आली आणि सोमवारी सकाळी कॉफीच्या यंत्रापाशी ट्विलाच्या चेहऱ्यावरचं काहीतरी लपेना, तेव्हा शिलाईच्या टेबलावरची वॉन्डा ओरडली होती, "बघा गं बायांनो, हिला कुणीतरी भेटलाय! नाव काय त्याचं?" आणि ट्विलाच्या तोंडातून अर्धं खरं नाव बाहेर पडलं. पुढचं सगळं त्या अर्ध्या नावाने आपोआप उभं केलं. मारिओ पवनचक्क्यांवर काम करतो. पश्चिमेकडे असतो, महिना महिना. मारिओला शेंगदाण्याचं वावडं आहे. मारिओ नाताळच्या जेवणाला येणार होता, पण नेब्रास्कात बर्फात अडकला. दर वर्षी नेब्रास्कात बर्फ. "त्या माणसाला दुसरीकडे अडकायला जागाच सापडत नाही का?" वॉन्डा म्हणायची, आणि तरी त्याच्यासाठी बिनशेंगदाण्याचा ॲपल पाय वेगळा बांधून द्यायची. एका वर्षी सगळ्याजणींनी पैसे काढून त्याला मासेमारीची टोपी घेतली. ती टोपी घालून मारिसोल वाफ्यातलं तण काढते. पहिल्यांदा ती टोपी डोक्यावर चढवली तेव्हा मारिसोल मिशीवर ताव दिल्यासारखं करून हसली होती, आणि ट्विलाही हसली होती, पोट धरधरून, जमिनीवर बसून. आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं होतं की आपल्याला श्वास घेता येत नाहीये.

पण खोटं त्याच्याही आधीपासूनचं होतं, आणि ते तोंडाने बोललेलं नव्हतं. वीस वर्षांची असताना ती या कंपनीत लागली. छोट्या विमानांच्या आतल्या आसनांचं चामडं तपासायचं काम. रात्रीच्या वर्गांना जाऊन तिने पदवी घेतली ती याच नोकरीवर. आली तेव्हा तिचे केस कानाच्या वर कापलेले होते. पहिल्याच आठवड्यात तिने बघितलं, कोण कसं बोलतं, कोण जेवताना कुणाच्या टेबलावर जात नाही, जोडणी विभागातला तो नाजूक हातांचा मुलगा महिन्याभरात का दिसेनासा झाला. आणि केस वाढवायला लागली. खांद्यापर्यंत. मग त्याच्याही खाली. दर रविवारी संध्याकाळी ती केसांना कुरळे करायच्या कांड्या लावून बसायची. कानात मोती. चालताना पावलं लहान. हसताना हात तोंडाशी. दिवसभर ती पिवळ्या दिव्याखाली आख्खी कातडी पसरून बघायची. काटेरी तारेचा ओरखडा, गोचीड चावल्याचा ठिपका, जनावर जिवंत असताना बुजलेली जखम. सापडली की खडूने गोल करायचा, म्हणजे कापणारा तेवढा भाग सोडून कापेल. तिची नजर सगळ्या कारखान्यात तीक्ष्ण समजली जायची. उत्पादन बघणारा डेल पाहुण्यांना आणून दाखवायचा, "ही आमची ट्विला. हिच्यापुढून एक डाग सुटत नाही." आणि ट्विला तोंडाशी हात नेऊन हसायची.

आता घरात एक पाकीट होतं. त्यात चार पानांचा कागद. मी आपण होऊन नोकरी सोडली. कंपनीविरुद्ध कुठेही, कधीही तक्रार करणार नाही. त्याच्या बदल्यात माझा आणि बाळाचा विमा एकतीस डिसेंबरपर्यंत चालू राहील. सही करून कागद एकोणतीस ऑक्टोबरच्या दुपारपर्यंत पोचला पाहिजे, नाहीतर विमा त्याच दिवशी बंद. इनेसचं ऑपरेशन तेरा डिसेंबरला होतं. इनेसचा वरचा ओठ डावीकडे नाकापर्यंत उघडा होता आणि टाळू मधोमध दुभंगलेली. तिला चोखता येत नव्हतं. मऊ, दाबायच्या बाटलीने थेंब थेंब तोंडात सोडायचा, आणि चार थेंबांतला एक नाकातून परत यायचा. मारिसोल पाजायची तेव्हा ट्विला शेजारी बसून मोजत असायची, किती गेलं, किती आलं. पाच आठवड्यांत बाळाचं वजन जेवढं वाढायला हवं होतं त्याच्या निम्मंही वाढलं नव्हतं. दुसरा विमा मिळतो, असं फोनवरची बाई गोड आवाजात म्हणाली होती, पण हे डॉक्टर त्यात बसत नाहीत, आणि बसणाऱ्या डॉक्टरांची तारीख मार्चच्या आधी नाही. मार्च. ट्विलाने तो शब्द मारिसोलला सांगितला नाही. अर्धा दिवस. मग सांगितला.

मंगळवारी ती वकिलीणबाईंकडे गेली. मिसेस ब्रीम, साठीच्या, कोर्टाच्या मागच्या गल्लीत, खाली न्हाव्याचं दुकान. ट्विला निघण्यापूर्वी सवयीने आरशापुढे उभी राहिली होती, केस सारखे केले होते, मोती घातले होते. मिसेस ब्रीमनी चारही पानं वाचली, चष्मा काढला. "आता कागदावरचं सोडा. तुम्हाला का काढलं?"

"माझी बायको आहे म्हणून."

"हं. ते आपल्याकडे कोर्टात चालत नाही." त्या हे वाक्य रोज बोलत असाव्यात, तरी प्रत्येक वेळी त्यांना त्याचा कंटाळा येत असावा. "शिकागोत चाललं. न्यूयॉर्कला चाललं. आपलं वरचं कोर्ट अजून म्हणतं, कायद्यात लिहिलंय की स्त्री म्हणून किंवा पुरुष म्हणून कुणाला काढू नका. कुणी कुणाबरोबर संसार करावा, हे त्यात लिहिलेलं नाही. वॉशिंग्टनला जाईल कधीतरी हे प्रकरण. दोन वर्षं, तीन वर्षं. तोपर्यंत मालकाला मोकळं रान."

"पण लग्न तर कायद्याने झालंय. आपल्याच कोर्टात. तीन वर्षांपूर्वी."

"लग्न पक्कं आहे. त्याला कुणी हात लावणार नाही. नोकरी पक्की नाही, एवढंच." त्यांनी चष्मा पुन्हा घातला. "एक फट आहे. बारीक आहे, पण मी तिच्यातून माणसं काढलेली आहेत. बाई बाईसारखी दिसत नाही, बाईसारखी वागत नाही, म्हणून मालकाने काढली, तर ते मात्र कायद्यात बसतं. फार जुना निकाल आहे. तर सांगा मला. तुमच्या कपड्यांवरून, चालण्यावरून, आवाजावरून कुणी काही बोललं? टोमणा? थट्टा? वरच्या माणसाने. एक वाक्य पुरे. आणि ते ऐकलेलं एक माणूस."

मिसेस ब्रीम पेन घेऊन वाट बघत होत्या. वाट बघता बघता त्यांची नजर ट्विलाच्या केसांवरून खाली आली, मोत्यांवर थांबली, फिक्या गुलाबी स्वेटरवर, गुडघ्याला गुडघा लावून एका बाजूला घेतलेल्या पायांवर. "तुम्ही कामावर कायम अशाच असायच्या?"

"अकरा वर्षं."

पेन खाली ठेवल्याचा आवाज झाला. "मग बिचाऱ्यांनी बोलावं तरी काय?" मिसेस ब्रीम म्हणाल्या, आणि लगेच, "माफ करा. पण आठवून बघा. घरी जा, शांतपणे आठवा. माणसाला असलं काही विसरायचीच सवय लागलेली असते."

ती आठवायला लागली. गाडीत बसून, सिग्नलला, बाटल्या उकळताना, बाळाला खांद्यावर उभं धरून अंधाऱ्या खोलीतून येरझाऱ्या घालताना, ती अकरा वर्षं दिव्याखाली पसरून बसली. कुठेतरी असणारच. इतकी वर्षं, इतकी माणसं, कुणीतरी कधीतरी काहीतरी बोललंच असेल. पहिल्या वर्षीची उन्हाळी सहल: सॉफ्टबॉलमध्ये तिने चेंडू पार कुंपणाबाहेर मारला तेव्हा पुरुषांनी शिट्ट्या मारल्या होत्या, डेल काय म्हणाला होता? "अरे वा." फक्त "अरे वा." पुढच्या वर्षी ती मुद्दाम चुकली होती. तिसऱ्या वर्षी जड गठ्ठा एकटीने उचलला तेव्हा गोदामातला कुणीतरी हसला होता. पण तो वरचा माणूस नव्हता, आणि तो काय बोलला तेही तिला आठवेना, त्याचे पिवळे दातच आठवत होते. कुणी तिला 'ए बाप्या' म्हटलं असतं तर! एकदा तरी! तिला जोडणीतल्या त्या नाजूक मुलाचा हेवा वाटला, ज्याच्या डब्यावर कुणीतरी बाईचं चित्र काढून ठेवलं होतं. त्याच्याकडे डबा होता. चित्र होतं. आपल्याकडे काय? अकरा वर्षांचं कौतुक. 'ट्विला, किती छान दिसतेस.' 'ट्विला, हा रंग तुला खुलतो.' शिव्यांसाठी असं वणवण फिरताना तिला स्वतःचीच किळस यायला लागली. आणि सापडलं ते एकच, अगदी स्पष्ट, आवाजासकट, आणि ते कारखान्यातलं नव्हतं. गेसेल गावाजवळचं शेतावरचं माहेरचं घर, रविवारची प्रार्थना आटोपून सगळे परतलेले, ती बारा वर्षांची, ओट्याला टेकून उभी. आई बन फाडून लोणी लावत होती, आणि मान वर न करता म्हणाली, "ट्विला, तू तुझ्या भावांसारखी उभी राहतेस. पाय जवळ घे." ट्विलाने पाय जवळ घेतले. ते आजतागायत जवळच होते. हे वाक्य तिने फोनवर मिसेस ब्रीमना सांगितलंसुद्धा, इतकी ती रडकुंडीला आली होती. "आईवर खटला भरता येत नाही हो," मिसेस ब्रीम हळूच म्हणाल्या.

शनिवारी इनेसचं दूध इतकं परत आलं की मारिसोलने बाटली भिंतीवर फेकली. मग बाळाला ट्विलाच्या हातात दिलं आणि स्वतः भिंत पुसायला बसली, एकच जागा पुन्हा पुन्हा. "दे सही करून," ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली.

"म्हणजे मी आपण होऊन सोडली म्हणायचं."

"म्हण."

"म्हणजे त्यांनी काही केलंच नाही."

"केलं ना. मला माहीत आहे, तुला माहीत आहे. देवाला माहीत आहे. त्या वकील बयेला हवंय तसं ते कागदावर नाही, एवढंच." मारिसोल वळली. तिचे डोळे सुजलेले होते, आणि बाळंतपणानंतर तिच्या गालांवर उमटलेले करडे डाग दिवसाच्या उजेडात जास्तच गडद दिसत होते. "तुला वाटतं मला राग येत नाही? सात वर्षं मी नेब्रास्कात बर्फात अडकलेय, ट्विला. मला कुणी विचारलं, बाई, तुला थंडी वाजते का? पण आता ही आहे. हिला गिळता येत नाहीये. मला तुझा कायदा बियदा काही नको. मला तेरा तारीख हवी."

ट्विला पानं उलटत होती. शेवटच्या पानावर दोन रेघा होत्या, एक तिची, एक साक्षीदाराची, आणि खाली बारीक अक्षरात सूचना. तिने ती दोनदा वाचली. मग मोठ्याने वाचली. साक्षीदार सही करणाऱ्याचा पती किंवा पत्नी नसावा. मारिसोलला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि तिच्या तोंडातून हसण्यासारखं काहीतरी बाहेर आलं. "म्हणजे मी चालणार नाही."

"नाही चालणार."

"का चालणार नाही? सांग ना. कोण आहे मी तुझी?" ती ओल्या फडक्यासकट उभी राहिली, आणि अजून हसतच होती. "बघ तरी, किती काळजीपूर्वक लिहिलंय. एवढा मान मला तुझ्या कंपनीत कुणी दिला नव्हता."

शेजारची जोडपी ओळखीची नव्हती. ट्विलाच्या भावाला विचारायचं तर त्याला सगळं सांगावं लागलं असतं, आणि सगळं सांगायचं तर आधी आईला. शेवटी तिने वॉन्डाला फोन केला. दुसरं कुणीच आठवेना. एका कागदावर सही हवी आहे, असं एवढंच सांगितलं. वॉन्डा म्हणाली, "उद्या प्रार्थना झाली की येते, पोरी. तुझं बाळसुद्धा बघायचंय. मारिओ आहे का घरी?" आणि ट्विला काही बोलण्याआधीच तिने फोन ठेवला.

रात्रभर ट्विला वॉन्डाच्या येण्याची रंगीत तालीम करत राहिली. मारिसोलला आतल्या खोलीत बसायला सांगायचं का? बाळ आपल्याच कडेवर ठेवायचं. मारिसोल म्हणजे मदतीला आलेली मैत्रीण. नोकरी गेली, खोटं पकडलं गेलं, लपवण्यासारखं काही उरलं नाही, आणि तरी पहाटेपर्यंत तिचं डोकं आपोआप सोय लावत होतं, कोण कुठे उभं राहील, काय म्हणायचं, कशावर हसायचं. सकाळी तिने मारिसोलला काहीच सांगितलं नाही. स्वतःलाही नाही. दुपारी एक वाजता दारात वॉन्डा उभी राहिली, चर्चला जायचा निळा झगा, हातात कागदाने झाकलेला दालचिनीचे रोल असलेला पत्र्याचा ट्रे, आणि ट्विलाच्या खांद्यावरून तिने आत बघितलं. मारिसोल सोफ्यावर बसली होती, अंगातला शर्ट दुधाने ओला, मांडीवर इनेस.

"अगं बाई," वॉन्डा म्हणाली. ट्रे ट्विलाच्या हातात कोंबला आणि सरळ आत गेली. "बघू, बघू. अगं, ही तर अगदी तुझेच डोळे घेऊन आली, मारिसोल."

वॉन्डाने बाळाची मूठ उघडून आपलं बोट आत घातलं होतं. "असं काय बघता? भुतं बघितल्यासारखी? अगं, सहा वर्षांपूर्वी तुम्ही दोघी डिलन्सच्या दुकानात कलिंगडं निवडत होतात. मी मागे उभी. हिने तुझी मानेवरची बट मागे सारली, आणि मी माझ्या नवऱ्याला, वेलनला म्हटलं, हा बघ मारिओ. वेलन म्हणाला, चांगला दिसतो की." ती स्वतःच्याच विनोदावर खळखळून हसली. "सगळ्यांना माहीत होतं, पोरी. टेबलावरच्या साऱ्या बायांना. ग्लेनिसला तर कधीपासून. टोपी आणली तेव्हा केवढी मजा झाली, मोठी घ्यायची की छोटी घ्यायची. शेवटी छोटी घेतली, मारिसोलच्या मापाची."

"मग मला का..." ट्विलाने ट्रे कुठे ठेवावा हे न कळून तो तसाच धरला होता. "मला का कुणी बोललं नाही?"

"तुला आवडत नाही ते आम्ही कशाला बोलायचं? तू एवढी धडपडत होतीस. केस काय, मोती काय. तुझा जीव त्यात होता. आम्हाला काय, आम्ही टाके घालतोय. पण बाई, कागदावर कशाला घातलंस ते? कागदावर आलं की तो डेल... तो तर आधीपासूनच जळका. तुझ्या पाठीमागे नेहमी बोलायचा. तू गेलीस त्या दिवशीसुद्धा, आमच्या टेबलापाशी उभं राहून ग्लेनिसला म्हणाला, 'केस वाढवले म्हणून बाई होत नाही कुणी. चाल बघ तिची, ट्रक उतरवायला निघाल्यासारखी. मला माझ्या मजल्यावर बायका बायकांसारख्या हव्यात. बरं झालं, फॉर्मने काम सोपं केलं.' असं! मला इतका राग आला, सुई बोटात गेली. हे बघ." तिने डाव्या हाताचं बोट वर केलं. त्यावर पट्टी होती.

ट्विलाला पहिल्यांदा जाणवली ती अंगातून वर चढणारी ऊब. चाल बघ तिची. तो हे म्हणाला. वरचा माणूस, भर मजल्यावर, काढलं त्याच दिवशी, कारणासकट. आणि ऐकलेलं माणूस समोर बसलंय, बोटाला पट्टी बांधून. आठवडाभर अकरा वर्षं पालथी घातली तेव्हा तिने स्वतःसमोर बोललं गेलेलंच शोधलं होतं, पाठीमागचं तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिला आनंद झाला. एखाद्या अपमानाने एवढा आनंद होऊ शकतो हे तिला ठाऊक नव्हतं. तिला वाटलं, आत्ता मिसेस ब्रीमना फोन करावा, रविवार असला तरी. तिने ट्रे जमिनीवर ठेवला आणि वॉन्डाच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसली. "वॉन्डा, हे तू सांगशील? एका बाईंसमोर. वकील आहेत. फक्त एवढंच, आत्ता बोललीस तेवढंच. एवढ्याने माझी केस उभी राहते. फक्त एवढं वाक्य कमी होतं."

वॉन्डाचं हसू चेहऱ्यावरच राहिलं, पण त्याच्या मागचं माणूस उठून गेल्यासारखं झालं. तिने इनेसच्या मुठीतून आपलं बोट हलकेच सोडवून घेतलं.

"कुणासमोर?"

"आधी वकिलांसमोर. मग पुढे लागलं तर..."

"डेलला कळेल."

ट्विला तिच्या बोटावरच्या पट्टीकडे बघत राहिली.

"वेलनचं डायलिसिस माझ्या विम्यावर चालतं, पोरी. आठवड्यातून तीनदा." वॉन्डाचा आवाज एकदम म्हातारा झाला. "मला तीन वर्षं राहिलीत. तीनच. तू मला विचारू नकोस. मी तुझ्यासाठी ॲपल पाय केला, टोपी आणली, मी तुला कधी... तू मला हे विचारू नकोस गं."

"तू आत्ता म्हणालीस. आम्ही दोघींनी ऐकलं."

"मी म्हातारी बाई. कायबाय बोलते. मला काय ऐकू येतं त्या यंत्रांच्या आवाजात?" वॉन्डाचे डोळे भरून आले होते आणि ती रागावल्यासारखी दिसत होती. "तू मला सहीला बोलावलंस ना? कशावर सही?"

इनेस दूध मागायला लागली, तो तिचा उघड्या ओठातून येणारा, हवा निसटणारा आवाज. मारिसोल उठली, बाळाला खांद्यावर घेतलं, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावरून ती चार पानं आणून वॉन्डाच्या मांडीवर ठेवली. पेनही. ट्विलाकडे बघितलं नाही. वॉन्डाने चष्मा शोधला, चढवला, पहिलं पान वाचायला घेतलं आणि दोन ओळींवरच सोडून दिलं. शेवटचं पान काढलं. "तुझी आधी लागेल," ती ट्विलाला म्हणाली.

ट्विला अजून गुडघ्यांवरच होती. तिथूनच तिने वॉन्डाच्या मांडीवर, निळ्या झग्यावर कागद टेकवून, आपलं नाव लिहिलं. कापड मऊ असल्यामुळे पेन दोनदा आत रुतलं. मग वॉन्डाने तिच्या खालच्या रेघेवर लिहिलं, सावकाश, शाळेत शिकवलेल्या वळणदार अक्षरात, पट्टीचं बोट वर उचलून धरून. नाव झाल्यावर ती थांबली. पुढे तारखेची जागा होती.

"आज तारीख काय गं?" तिने विचारलं, कुणाकडेही न बघता.

ट्विलाला तारीख माहीत होती. आठवडाभर तिने दुसरं काही मोजलं नव्हतं.

"अठ्ठावीस," मारिसोल म्हणाली, आणि बाटली गरम करायला आत गेली.